एका फोल्डरात मावणारा ब्लॉग

ब्लॉगचं कुठलंही सॉफ्टवेअर बरं की वाईट, हे मी हल्ली एकाच गोष्टीवरून ठरवते: उद्या ते सोडायचं झालं तर माझं लिखाण घेऊन बाहेर पडायला किती वेळ लागेल? दिसायला कसं आहे, थीम फुकट मिळतात का, मोबाइलवरून लिहिता येतं का, हे सगळं नंतर.

हा प्रश्न वाटतो तितका आगाऊ नाही. इंटरनेटवर बाडबिस्तरा गुंडाळायची वेळ भल्याभल्यांवर आली आहे. जिओसिटीज हे फुकट वेबपानं बनवायचं ठिकाण १९९४ साली सुरू झालं, याहूने ते १९९९ मध्ये विकत घेतलं आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केलं. त्याच वर्षी याहूचंच ब्लॉगचं ठिकाण, याहू ३६०, गेलं. पोस्टरस हे लिहायला अगदी सोपं ठिकाण होतं, नुसती ईमेल पाठवली की लेख प्रसिद्ध. ट्विटरने ते २०१२ मध्ये घेतलं आणि ३० एप्रिल २०१३ ला कुलूप लावलं. त्याच वर्षी १ जुलैला गूगल रीडर, म्हणजे सगळ्या ब्लॉगांवरचं नवं लिखाण एका जागी दाखवणारं साधन, बंद झालं. ब्लॉग लिहिणाऱ्यांपेक्षा वाचणाऱ्यांची सवय मोडली ती त्या दिवशी, असं माझं ठाम मत आहे. कुणी नवीन काही लिहिलंय हे कळायची साधी सोय गेली आणि सगळे फेसबुकच्या भिंतीवर जाऊन बसले.

आपल्याकडे ब्लॉगचं पीक जोरात आलं ते साधारण २००६ ते २०११ या काळात. त्याआधी वेबवर मराठी वाचायचं म्हणजे शिवाजी नाहीतर सुषा फॉन्ट उतरवून घ्या, नाहीतर पानभर अगम्य रोमन चिन्हं बघत बसा. मग युनिकोड रुळलं, विंडोज एक्सपीत मंगल फॉन्ट मिळाला, बरहा आणि गमभनसारख्या साधनांमुळे रोमन कीबोर्डवरून देवनागरी उमटायला लागली. सगळ्यांनी मिळून लिहायची मराठी संकेतस्थळंही होती: मायबोली १९९६ पासून होतीच, पुढे मनोगत आणि मिसळपाव आले. पण ते चार लोकांच्या ओसरीवर बोलणं. स्वतःचं दार असलेली जागा ब्लॉगस्पॉटने दिली, तीही फुकट. स्टार माझाने ‘ब्लॉग माझा’ नावाची स्पर्धा घेतली तेव्हा तर ऑफिसातल्या, एरवी खातेवहीपलीकडे काही न लिहिणाऱ्या लोकांनीही ब्लॉग काढले. मीही त्याच लाटेतली.

गंमत अशी की ब्लॉगरवर, म्हणजे ब्लॉगस्पॉट ज्याच्यावर चालतं त्या सेवेत, एके काळी माझ्या मनासारखी सोय होती. पायरा लॅब्ज या छोट्या कंपनीने ते १९९९ मध्ये काढलं, गूगलने २००३ मध्ये घेतलं. तेव्हा लिहायचं ब्लॉगरवर, पण तयार झालेली पानं एफटीपीने (फाइली पाठवायची एक जुनी पद्धत) आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर पाठवायची, असं करता यायचं. म्हणजे छापखाना त्यांचा आणि कागद तुमच्या कपाटात. २०१० मध्ये ती सोय बंद झाली. वापरणारे थोडे होते, त्यामुळे फारसं कुणी हळहळलंही नाही.

तर मी ब्लॉगस्पॉट सोडायचं ठरवलं ते कुठल्या भांडणामुळे नाही. इतक्या वर्षांचं लिखाण माझ्याकडे नेमक्या कोणत्या रूपात आहे, हे एकदा बघावं म्हणून बॅकअप उतरवला. हाती आली एकच भलीमोठी एक्सएमएल फाइल. तिच्यात लेख, त्यांखालचे अभिप्राय, थीमचा साचा, सेटिंग, सगळं एकापाठोपाठ कोंबलेलं. फोटो मात्र नाहीत, त्यांचे फक्त पत्ते. फोटो गूगलच्या सर्व्हरवरच. आणि लेखांचा मजकूर? ‘पाऊस थांबला होता’ एवढ्या वाक्याभोवती चार-चार स्पॅनची (वेबपानांच्या एचटीएमएल भाषेतली एक खूण) वेष्टनं, प्रत्येकात फॉन्टचं नाव, आकार, रंग. वर्डमधून चिकटवलेल्या लेखांत तर मायक्रोसॉफ्टच्या खुणा इतक्या, की तीन शब्दांमागे तीस ओळींचा कचरा. हे माझं लिखाण खरं, पण ते मला वाचता येत नव्हतं.

पॅनडॉक नावाचं एक जुनं, फार गुणी साधन आहे. एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलून देतं. त्याच्याकडून एचटीएमएलचं मार्कडाउन करून घेतलं. मार्कडाउन म्हणजे जॉन ग्रुबरने २००४ मध्ये मांडलेली साध्या मजकुराची पद्धत: शीर्षकाआधी एक चौकटीचं चिन्ह (#), ठळक शब्दाला दोन्हीकडून दोन-दोन तारका, परिच्छेदांमध्ये एक ओळ मोकळी. नोटपॅडमध्ये उघडा, वाचता येतं. उरलेली सफाई हाताने केली आणि त्या निमित्ताने सगळं जुनं पुन्हा वाचलं. तरुणपणी मला उद्गारचिन्हं फार आवडत असावीत.

सफाईत एक गोष्ट सांभाळावी लागते. बरहासारख्या साधनांनी लिहिलेल्या जुन्या मजकुरात ‘ऱ्या’मधला तो आडवा र पुष्कळदा एका न दिसणाऱ्या जोडचिन्हाच्या आधाराने उभा असतो. मजकूर धुऊन काढणाऱ्या स्क्रिप्ट ‘अदृश्य चिन्हं’ म्हणून ते जोडचिन्ह उडवतात आणि ‘कोपऱ्यात’चं ‘कोपर्यात’ होतं. ‘दऱ्या’चा थेट ‘दर्या’. सह्याद्रीतल्या भटकंतीवरचा लेख असा समुद्रात बुडू शकतो.

लिखाण मोकळं झालं, आता ते ठेवायचं कशात? वर्डप्रेसला मी नावं ठेवणार नाही. २००३ मध्ये मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी बी-टू नावाच्या बंद पडत चाललेल्या प्रोग्रामवरून ते उभं केलं, पुढच्याच वर्षी मूव्हेबल टाइप या दुसऱ्या ब्लॉग सॉफ्टवेअरने परवान्याचे नियम बदलल्यावर लोक लोंढ्याने तिकडे गेले, आणि आज मराठीतली कितीतरी धडधाकट संकेतस्थळं त्यावर चालतात. पण मला हवं होतं महिन्यातून दोन-तीन लेख टाकायचं साधन. त्यासाठी पीएचपी ही प्रोग्रामिंगची भाषा, मायएसक्यूएलचा डेटाबेस, प्लगइन, प्रत्येकाचे अपडेट, आणि एखादा राहिला की सुरक्षेची धाकधूक. शिवाय देवनागरीसाठी एक बारीक अडचण. वेबपत्त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह टक्क्याच्या खुणांसह नऊ रोमन अक्षरांचं होतं, आणि वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये लेखाच्या पत्त्यासाठी जागा असते २०० अक्षरांची. म्हणजे देवनागरीची जेमतेम २२ चिन्हं. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजून. ‘आजोळच्या घरातली उन्हाळ्याची सुट्टी’ असं शीर्षक दिलंत तर पत्ता ‘आजोळच्या-घरातली-उन्हाळ्य’ इथे संपतो.

हलक्याफुलक्या सॉफ्टवेअरमध्येही बघण्यासारखं पुष्कळ आहे. ब्लॉसम नावाचा पर्ल भाषेतला एक इवलासा प्रोग्राम होता. फोल्डरात टेक्स्ट फाइल टाकली की झाला लेख. नुसत्या एका बॅश स्क्रिप्टवर, म्हणजे आज्ञांच्या एका यादीवर, चालणारे ब्लॉग आहेत. राइटफ्रीली आहे: गो भाषेत लिहिलेली एक फाइल, मागे एसक्यूलाइटचा डेटाबेस, आणि समोर लिहायला स्वच्छ पांढरा कागद. ब्राउझरमध्येच लिहायची सवय असलेल्यांना मी तेच सुचवीन. घोस्ट देखणं आहे, पण ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं तर निदान एक जीबी मेमरी हवी, आणि वर्गणीदार, न्यूजलेटर असा त्याचा संसार मोठा.

मी थांबले ह्यूगोपाशी. स्टीव्ह फ्रान्सियाने २०१३ मध्ये सुरू केलेलं हे स्टॅटिक साइट जनरेटर. टॉम प्रेस्टन-वर्नरच्या जेकिलने २००८ पासून हीच वाट पाडली होती, पण जेकिलला रूबी ही भाषा आणि तिचा गोतावळा लागतो. ह्यूगो म्हणजे एकच फाइल. आज्ञा दिली की ती मजकुराच्या फोल्डरातले लेख घेते, साच्यात बसवते आणि तयार एचटीएमएल पानांचा दुसरा फोल्डर काढून देते. नव्या लेखांची वर्दी देणारं आरएसएस फीडही आपोआप. वाचक येतो तेव्हा सर्व्हरवर काहीही ‘चालत’ नाही. असलेली फाइल उचलून द्यायची, बस. डेटाबेस नाही, लॉगिनचं पान नाही. दोष सांगायचा तर ह्यूगोची आवृत्ती बदलली की जुन्या थीम कुरकुरतात. त्यावर उपाय सोपा आहे: ज्या आवृत्तीवर आपली साइट बनते ती फाइल लेखांच्या शेजारीच ठेवून द्यायची आणि अपडेटच्या मागे धावायचं नाही.

सर्व्हर घरीच ठेवावा असं फार वाटलं होतं. रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक राउटरच्या मागे, इन्व्हर्टरच्या एका पिनवर. लाईट जाऊन इन्व्हर्टरही बसला की अर्धवट लिहिलेलं मेमरी कार्ड बिघडू शकतं, तो धोका पत्करताही आला असता. पण आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ताच नसतो. कंपनी एका पत्त्यामागे अनेक घरं ठेवते, त्यामुळे बाहेरून कुणाला तुमच्या दारापर्यंत पोचता येत नाही. स्थिर आयपीचे वेगळे पैसे भरा, नाहीतर कुणाच्या तरी बोगद्यातून, म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरमार्गे, वाहतूक फिरवा. बोगदा म्हणजे पुन्हा परावलंबन. शेवटी ५१२ एमबी मेमरीचा एक व्हीपीएस, म्हणजे मोठ्या सर्व्हरचा स्वतंत्र चालणारा एक तुकडा, भाड्याने घेतला. स्टॅटिक पानांना तेवढा रगड. त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली, आणि वाचकांना पानं वाढायला कॅडी हा प्रोग्राम. कॅडी लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेकडून एचटीटीपीएसचं, म्हणजे सुरक्षित जोडणीचं, प्रमाणपत्र स्वतःच आणतं आणि ९० दिवसांची मुदत संपण्याआधी स्वतःच नवं करतं. २०१५ च्या आधी हेच काम बहुतेकांना पैसे मोजून, फॉर्म भरून करावं लागायचं, हे आताच्या मुलांना सांगूनही पटत नाही.

डोमेनचं नाव डॉट भारतमध्ये, देवनागरीत घ्यावं असं मनात होतं. ही सोय २०१४ पासून आहे. पण तो पत्ता आत कुठे तरी अगम्य रोमन अक्षरांत बदलतोच, आणि बऱ्याच फॉर्मना तो पत्ता वाटतच नाही. मुकाट्याने डॉट इन घेतलं.

सर्व्हर सुरू केल्यावर भेट देणारे पहिले पाहुणे माणसं नसतात. लॉगची, म्हणजे कोणी काय मागितलं त्याच्या नोंदींची, फाइल उघडून बघा. कुठून कुठून यंत्रं येतात आणि वर्डप्रेसच्या लॉगिनचं पान मागतात. ‘नाही’ म्हटलं की डेटाबेसच्या व्यवस्थापनाचं पान मागतात. तेही नाही म्हटलं की बॅकअपच्या झिप फाइलची नावं अंदाजाने विचारत बसतात. रात्रंदिवस हेच. ज्या घरात तिजोरीच नाही तिथे किल्ल्यांचे जुडगे घेऊन लोक येताहेत, आणि आपण खिडकीत बसून बघतोय. हलकं सॉफ्टवेअर घेतल्याचा खरा आनंद मला पानं झपकन उघडतात याचा झाला नाही, तो ही फाइल वाचताना झाला. अर्थात सर्व्हरचं स्वतःचं दार लावावं लागतंच: पासवर्डने प्रवेश बंद, फक्त किल्लीच्या फाइलने, आणि डेबियनचे सुरक्षेचे अपडेट आपोआप.

आता मराठीचा भाग. हे सगळे प्रोग्राम बहुतांशी इंग्रजी लिहिणाऱ्यांनी बनवले आहेत आणि ते ठायीठायी जाणवतं.

शीर्षकावरून वेबपत्ता बनवणारे काही प्रोग्राम ‘अक्षरं ठेवा, बाकीचं काढा’ असा नियम लावतात. त्यांच्या हिशोबी काना-मात्रा-अनुस्वार ही अक्षरं नव्हेत. मग ‘पुणे’चं ‘पण’ होतं, ‘मुंबई’चं ‘मबई’ आणि ‘दिवाळी’चं ‘दवळ’. ह्यूगो मात्रा सांभाळतं, पण तोच पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की टक्क्यांची चार ओळींची माळ होते आणि नातेवाईक विचारतात, ‘हा व्हायरस तर नाही ना?’ म्हणून मी शीर्षक देवनागरीत ठेवते आणि पत्ता रोमनमध्ये हाताने देते.

मार्कडाउनचे हिशोब आणखी मजेशीर. ठळक करायच्या शब्दाला अवतरणचिन्ह असेल आणि त्याला पुढे प्रत्यय चिकटला असेल, तर तारका तशाच्या तशा पानावर उमटतात. ‘कट्टा’वर, ‘वाडा’तून असं आपण सर्रास लिहितो. पण नियम असा, की बंद करणाऱ्या तारकांच्या आधी विरामचिन्ह असेल तर नंतर मोकळी जागा किंवा दुसरं विरामचिन्ह हवं. इंग्रजीत प्रत्यय सुटा चालतो, त्यांना ही भानगड कधी आलीच नसेल. मी अवतरणचिन्ह तारकांच्या बाहेर काढते आणि गप्प बसते. यादीला देवनागरी आकडे दिले तर ती यादी समजली जात नाही. उलट रोमन आकड्यांत ‘1960.’ असं वर्षाने परिच्छेद सुरू केलात तर त्याची यादी होते. इथे देवनागरी आकडे लिहिणाऱ्यांचा फायदाच. आणि शीर्षकात विसर्गासारखा दिसणारा अपूर्णविराम टाकायची आपल्याला भारी हौस: ‘पाऊस: एक आठवण’. लेखाच्या माथ्यावरच्या माहितीत ते शीर्षक अवतरणात घातलं नाही तर साइट बनायचीच थांबते.

वेळेचं प्रकरण तर निव्वळ आपलं. सेटिंगमध्ये टाइम झोन दिलेला नसेल तर ह्यूगो तारीख-वेळ ग्रिनिचची धरतं, आणि भविष्यातला लेख प्रसिद्ध करत नाही. सकाळी दहाची वेळ घालून टाकलेला लेख त्याच्या दृष्टीने दुपारी साडेतीनला जन्मणार असतो. साडेपाच तास लेख कुठे गेला म्हणून शोधत बसावं लागतं. एशिया-कोलकाता एवढी एक ओळ घातली की झालं.

थीमचं म्हणाल तर तयार थीममध्ये अक्षरांमध्ये जागा सोडायचा एक शौक असतो. रोमनमध्ये ते ऐटदार दिसतं, देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे पडतात. ओळींमधलं अंतरही कमी पडतं; वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीवर बसतो. मी शेवटी साचा स्वतः लिहिला. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा टंक घेतला, ओळींचं अंतर वाढवलं, आणि पानाच्या सुरुवातीला भाषा ‘एमआर’ (mr, म्हणजे मराठी) म्हणून नोंदवली. या शेवटच्या गोष्टीचं महत्त्व फार कमी लोकांना माहीत आहे. काही टंकांत ल आणि श यांची मराठी आणि हिंदी रूपं वेगळी भरलेली असतात. पान मराठी आहे असं सांगितलं, तर पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श दिसतो. शासनाने २००९ च्या निर्णयात प्रमाण मानलेला. नाही सांगितलं तर हिंदी वळणाचा. वाचकाच्या हे लक्षात येत नसेल, पण बालभारतीची पुस्तकं वाचून वाढलेल्या डोळ्याला पान परकं वाटतं ते बऱ्याचदा यामुळेच.

इतकं सगळं करून लिखाणात काय फरक पडला? पहिला म्हणजे आकडे गेले. किती जणांनी पाहिलं हे मी मोजतच नाही, मोजायचं साधन बसवलेलंच नाही. लेखाखाली ईमेलचा पत्ता आहे. ज्याला खरंच काही म्हणायचंय तो लिहितो. दुसरं, मी आता जुने लेख सुधारते. टेक्स्ट फाइल उघडायची, वाक्य बदलायचं, गिट या बदलांचा हिशोब ठेवणाऱ्या साधनात नोंद करायची, आरसिंक या फाइली पाठवणाऱ्या साधनाने सर्व्हरवर ढकलायचं. नेट नसलं तरी लिहिता येतं. कोकण रेल्वेत बोगद्यामागून बोगदे येत असतात तेव्हा माझं लिखाण सगळ्यात बरं होतं.

स्वतःच्या मालकीचं, स्वतंत्र वगैरे जे म्हणतात, त्यावर मात्र माझा तितकासा विश्वास उरलेला नाही. डोमेन आपलं नसतं, भाड्याने असतं. जास्तीत जास्त दहा वर्षांचं एकदम भरता येतं. सर्व्हरचं भाडं महिन्याचं. माझे एक ब्लॉगर स्नेही वारले. स्वतःचं डोमेन, स्वतःचा सर्व्हर, सगळं नेटकं. कार्डावरून पैसे जायचे थांबले, मुदत संपली, आणि आता त्या नावावर जुगाराची साइट आहे. त्यांनी आधी ब्लॉगस्पॉटवर जे लिहिलं होतं ते मात्र जसंच्या तसं शाबूत. फुकटातलं टिकलं आणि पैसे मोजून घेतलेलं गेलं. वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जपणाऱ्या संग्रहात त्यांची काही पानं सापडली, तेवढाच दिलासा.

म्हणून मी माझा जुना ब्लॉगस्पॉट पुसला नाही. नव्या साइटवरचा प्रत्येक लेख वेबॅक मशीनला हाताने देते. आणि सगळा फोल्डर, ह्यूगोच्या त्या एका फाइलसकट, भाचीला दिला आहे. तिने विचारलं, ‘मावशी, याचा पासवर्ड काय?’ याला पासवर्ड नाही म्हटल्यावर तिचा विश्वास बसेना. मग फोल्डरात सगळ्यात वर एक फाइल ठेवली, ‘आधी वाच’ नावाची. तिच्यात लिहिलंय ते असं:

‘लेख नावाच्या फोल्डरात साध्या फाइली आहेत. नोटपॅडमध्ये उघडतात, बाकी काही लागत नाही. ह्यूगो चाललं तर ठीक, नाही चाललं तर त्याच्या नादी लागू नकोस. सर्व्हर बंद करून टाक, भाडं भरत बसू नकोस. डोमेनचं तुझं तू ठरव, ठेवलंस तर मुदतीची तारीख कॅलेंडरमध्ये घाल. ब्लॉगस्पॉटवरचं काढू नकोस. फोटोंचा फोल्डर मोठा आहे, मोबाइलच्या डेटावर उतरवू नकोस.’